कामाच्या नावाचा चाकू

सेबेन्झा हा झुलू शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे काम. दक्षिण आफ्रिकेत टूल-अँड-डाय मेकर म्हणून उमेदवारी केलेल्या ख्रिस रीव्ह या कारागिराने १९८७ साली आपल्या घडीच्या चाकूला हे नाव दिलं. दोन वर्षांनी तो अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावी स्थायिक झाला. तिथे त्याच्या नावाची कंपनी आजही याच नावाचा चाकू बनवते. पातं साधारण ३.६ इंचांचं, मूठ टायटॅनियमची, वजन सव्वाशे ग्रॅमच्या जरा वर. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही: करड्या रंगाच्या दोन पट्ट्या, मध्ये पातं, पाच-सहा स्क्रू आणि खिशाला अडकवायची क्लिप. या साध्या आवृत्तीला सुमारे पाचशे डॉलर पडतात. मुठीत लाकूड किंवा मॅमथचा दात जडवलेला हवा असेल, पातं दमास्कस पोलादाचं हवं असेल, तर पुढचे आकडे मी सांगत नाही. दिवाळीला घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाने ते ऐकू नयेत.

२०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की २००८ पासून चालत आलेला सेबेन्झा २१ आता थांबेल आणि त्याच्या जागी सेबेन्झा ३१ येईल. ही बातमी आली तेव्हापासून चाकू लोकांच्या हातात पडेपर्यंत शौकिनांनी काय काय केलं ते पाहण्यासारखं होतं. कंपनीने दिलेले मोजके फोटो मोठे करकरून तपासले गेले. क्लिप कुठे टेकते, स्क्रू किती, मुठीची कड किती गोल केली आहे, यावर वाद झाले. काहींनी जुना २१ मिळतो आहे तोवर घेऊन ठेवला, काहींनी आपला २१ विकून ३१ साठी पैसे बाजूला काढले. अजून एकानेही नव्या चाकूने सुतळीसुद्धा कापली नव्हती. चाकूच्या गुणदोषांकडे मी येणारच आहे, पण मला मुख्यतः परीक्षण करायचं आहे ते या वाट पाहण्याचं. मी धातुशास्त्रात संशोधन करतो आणि इंग्लंडात राहतो. या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडतील.

आधी एक अडचण दूर करू. आपल्यासारख्या मराठी वाचकाला घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो. खटका दाबला की सट्‌कन उघडणारा, हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या हातातला. ‘वक्त’मधल्या राजकुमारच्या संवादाने तर त्या चाकूला अजरामरच केलं. आपल्या घरांत चाकूला जागा होती ती स्वयंपाकघरात, आणि तिथेही मान विळीचा. खिशात चाकू बाळगणारा माणूस एकतर गुंड किंवा इलेक्ट्रिशियन. त्यामुळे पाचशे डॉलरच्या चाकूची वाट पाहणारे शिक्षक, दंतवैद्य आणि सॉफ्टवेअरवाले असतात, हे आपल्याला प्रथम हास्यास्पद वाटतं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र वडिलांनी मुलाला पहिला खिशातला चाकू देणं ही घरोघरची रीत आहे, आपल्याकडे वडील मुलाला पहिलं घड्याळ देतात तशी. शौकिनांच्या बोलण्यातला ओलावा तिथून येतो. तो लक्षात घेतला नाही, तर ही सगळी मंडळी नुसती पैसेवाली आणि रिकामटेकडी वाटतील, आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारं होईल.

कारण वाट पाहताना ते ज्या गोष्टींबद्दल बोलतात त्या खऱ्या आहेत. खटक्याचंच बघा. घडीचा चाकू उघडल्यावर पातं बोटांवर मिटू नये, ही या वस्तूची मूळ अडचण. रीव्हने ती अशी सोडवली: मुठीच्या दोन टायटॅनियम पट्ट्यांपैकी एकीला लांबीच्या दिशेने चीर दिली आणि त्या पट्टीचा एक भाग आत वाकवला. चाकू उघडला की तो भाग स्वतःच्या ताणाने पात्याच्या बुडामागे सरकतो आणि तिथे पाचरीसारखा बसतो. वेगळी स्प्रिंग नाही, वेगळा खटका नाही, मूठ हाच खटका. शिवाय तुम्ही जितकं घट्ट धराल तितका तो खटका पक्का होतो, कारण तुमची बोटं त्याच पट्टीवर असतात. आज दहा डॉलरच्या चिनी चाकूपासून हजार डॉलरच्या चाकूपर्यंत हीच रचना सर्रास दिसते. यंत्राचे सुटे भाग कमी करत करत काम तेच ठेवणं याला मी अभियांत्रिकीतलं सौंदर्य म्हणतो.

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. बहुतेक घडीच्या चाकूंत पात्याच्या खिळीचा स्क्रू जास्त आवळला तर पातं जाम होतं, सैल ठेवला तर डुगडुगतं. मालकाला पाव-पाव फेरा फिरवून मधली जागा शोधावी लागते. सेबेन्झामध्ये खिळीभोवती एक नळी बसवली आहे. पातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ब्राँझच्या चकत्या यांची मिळून जेवढी जाडी, त्याच्याशी जुळवून त्या नळीची लांबी घासलेली असते. स्क्रू पूर्ण आवळा, तो नळीवर जाऊन थांबतो आणि पातं तरीही सुळकन फिरतं. हे जमवायला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक अचूकता लागते. त्यामुळेच कंपनी डब्यात चक्क स्क्रू उघडायचा पाना आणि ग्रीस देते: उघडा, साफ करा, पुन्हा जोडा. आजकाल फोनची बॅटरीसुद्धा आपल्याला उघडू देत नाहीत. विकत घेणाऱ्याच्या हातावर असा विश्वास टाकणारी कंपनी लोकांना आवडली, यात नवल नाही.

ग्राहकांच्या जगात इतकं बारीक वाचन मला इतरत्र फारसं आढळलेलं नाही. लोक गाडी घेतात, फ्रिज घेतात, पण बिजागरीबद्दल बोलत नाहीत. चाकूवाले बोलतात. पातं उघडतानाच्या गतीला ते तिजोरीच्या दाराची उपमा देतात, आणि ती उपमा चपखल आहे. तेलकट, जड, न अडखळणारी ती गती ज्याने अनुभवली आहे त्याला दुसऱ्या चाकूतला किंचितसा खरखरीतपणाही जाणवतो. संगीताच्या मैफिलीत कानसेन असतात तसे हे. आपल्याकडे रसिक हा शब्द वस्तूंसाठी वापरत नाहीत, इथे वापरायला हरकत नाही.

मग बिनसतं कुठे? ते समजायला ३१ मध्ये नक्की काय बदललं ते पाहू. शौकिनांनी सगळ्यात जास्त चर्चा केली ती खटक्यातल्या सिरॅमिकच्या गोळीची. २१ मध्ये टायटॅनियमची पट्टी थेट पोलादी पात्याच्या बुडाला टेकत असे. टायटॅनियमला एक खोड आहे: कठीण पोलादावर घासलं की ते चिकटतं आणि झिजतं. म्हणून रीव्ह त्या टोकाला उष्णता देऊन ते कठीण करत असे. ३१ मध्ये तिथे सिरॅमिकची गोळी बसवली. झिजेचा प्रश्न जवळपास मिटला आणि पात्याची मिटलेली घडी धरून ठेवायलाही तीच गोळी वापरता आली. सुधारणा चांगली आहे, पण ती नवी नव्हती. कंपनीच्या आधीच्या चाकूंत, २०१२ च्या सेबेन्झा २५ मध्ये आणि पुढे इंकोसीमध्ये, ती येऊन गेली होती. आणि जुन्या पद्धतीचे खटके काही मोडून पडत नव्हते. कित्येकांचे २१ दहा-दहा वर्षं चालले आणि अजून चालतात.

माझ्या मते ३१ मधला खरा बदल क्लिपचा होता. २१ ची क्लिप अशी बसवलेली होती, की तिचं टोक खटक्याच्या वाकणाऱ्या पट्टीवरच टेकायचं. म्हणजे जो भाग मोकळेपणाने हलायला हवा त्यालाच क्लिप दाबत होती. ३१ मध्ये ती थोडी तिरकी केली, टोक मुठीच्या स्थिर भागावर आलं. बदल काही मिलिमीटरांचा. पण हा बदल कागदावर सुचत नाही. चाकू रोज खिशातून काढणारा, पँटच्या जाड कापडावरून ओढणारा माणूसच ही तक्रार करू शकतो. म्हणजे ३१ मधला हा एवढाच भाग वापरातून, म्हणजे कामातून, आलेला होता. आणि वाट पाहण्याच्या काळात याच तिरक्या क्लिपची सर्वात जास्त टिंगल झाली: सरळ रेषांच्या चाकूवर ही वाकडी क्लिप कशी दिसते, डोळ्याला खुपते, वगैरे. फोटोत ती खरंच खुपते. हातात ती दिसतही नाही, कारण ती बाजू तळव्याखाली जाते.

वाट पाहणाऱ्याजवळ असतात फोटो आणि आकडे. म्हणून फोटोत दिसणारं आणि आकड्यांत मांडता येणारं मोठं होत जातं, आणि हाताला कळणारं मागे पडतं. इथे पोलादाचा विषय येतो, आणि इथे मला जरा थांबू द्या, कारण हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे.

चाकूवाल्यांच्या जगात दर काही वर्षांनी एका नव्या पोलादाची हाकाटी होते. २००० नंतरच्या दशकात एस३०व्ही आलं. क्रूसिबल या अमेरिकन कंपनीने ते चाकूंसाठीच म्हणून तयार केलं, आणि त्या कामात खुद्द ख्रिस रीव्हचा सल्ला होता. मग एस३५व्हीएन, एस४५व्हीएन, आणि २०२१ मध्ये मॅग्नाकट. मॅग्नाकटचा कर्ता लॅरिन थॉमस हा धातुशास्त्रात डॉक्टरेट केलेला आणि चाकूंच्या वेडाने या विषयात आलेला माणूस. सेबेन्झा मॅग्नाकटमध्ये कधी येणार, याची वाट ३१ ची पाहिली त्याहून जास्त आतुरतेने पाहिली गेली असेल. यात तथ्य किती?

बरंच आहे. पोलादात कार्बन इतर धातूंशी मिळून कार्बाइड नावाचे कठीण कण बनवतो. ते झीज रोखतात, पण मोठे झाले की धारेतून तुकडा उडायला तेच कारण ठरतात. वितळलेलं पोलाद साच्यात ओतून सावकाश थंड केलं की हे कण एकत्र येतात, पिठलं न ढवळता सोडलं तर गुठळ्या होतात तसे. पावडर पद्धतीत वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने बारीक फवारा करतात. प्रत्येक थेंब क्षणात थिजतो, गुठळी व्हायला वेळच मिळत नाही. मग ती पावडर प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत एकजीव करतात. एस३०व्ही अशाच पद्धतीचं. पण त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम आहे, आणि त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकून पडतं. गंज रोखतं ते मोकळं क्रोमियम. अडकलेलं त्या कामाचं नाही. थॉमसने हिशेब उलटा केला. क्रोमियम पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास आणलं आणि मिश्रण असं जुळवलं की कार्बाइड फक्त व्हॅनेडियम आणि नायोबियमचे व्हावेत. ते बारीक आणि जास्त कठीण असतात. क्रोमियम कमी घातलं, पण ते जवळपास सगळं मोकळं राहिलं, म्हणून गंजाला विरोध वाढला. स्टेनलेस पोलादाला बिगर-स्टेनलेस पोलादाचा चिवटपणा आला. प्रयोगशाळेत आयुष्य काढणारे आम्ही लोक अशा गोष्टीवर टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या.

पण कापणं म्हणजे फक्त पोलाद नाही. शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेने बनवलेलं एक यंत्र आहे. त्यात पातं वर धार करून बसवतात आणि वाळूचे कण मिसळलेला जाड कागद त्यावर पुढे-मागे ओढतात. किती मिलिमीटर कागद कापला गेला यावरून धार किती टिकते ते ठरतं. स्वतः थॉमसने अशा चाचण्यांची आकडेमोड प्रसिद्ध केली आहे, आणि त्याचा एक निष्कर्ष असा, की धारेचा कोन कमी-जास्त केल्याने जेवढा फरक पडतो तेवढा एका चांगल्या पोलादाऐवजी दुसरं चांगलं पोलाद घेऊन बहुधा पडत नाही. म्हणजे ज्याने हे पोलाद शोधलं तोच सांगतो आहे की दगड घ्या आणि कोन बदला. पण कोन बदलण्याची वाट पाहता येत नाही. ते आज संध्याकाळी वीस मिनिटांत घरीच होतं, त्यासाठी नवी खरेदी लागत नाही, आणि त्यात चाकूवर ओरखडे पडण्याची भीती असते.

ओरखडे हा इथला कळीचा शब्द आहे. चाकूवाल्यांच्या बोलीत ‘सेफ क्वीन’ असा एक शब्दप्रयोग आहे: तिजोरीतली राणी. कधीही न वापरलेला, धार कारखान्यातलीच असलेला, डब्यासकट जपलेला चाकू. सेबेन्झाच्या डब्यात कंपनी एक छोटं कार्ड घालते, त्यावर चाकू कधी बनला ती तारीख असते. शौकीन त्याला बर्थ कार्ड म्हणतात, म्हणजे जन्माचा दाखलाच. विकताना हा दाखला हवाच, नाहीतर किंमत उतरते. म्हणजे एकदा सफरचंद कापलं की काही डॉलर गेले. नव्या चाकूची वाट पाहणाऱ्यांतले काहीजण ती वाट वापरण्यासाठी पाहत नसतात. हा चाकू आला की आधीचा किती चांगल्या स्थितीत विकता येईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आधीच झालेला असतो. कामाच्या नावाचा चाकू काम केल्याने स्वस्त होतो.

यावर फार हसू नका. आपल्यातल्या किती घरांत लग्नात आलेला डिनर सेट पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात आहे आणि पाहुणे आले तरी कागदी प्लेट निघतात? पण आपल्याच घरात याच्या अगदी उलट वस्तूही होती. भांड्यांच्या दुकानात नाव आणि तारीख कोरून घेतलेलं स्टीलचं पातेलं. तेही जन्माचा दाखला घेऊनच यायचं: कोणाकडून, कोणाला, कधी. आणि दुसऱ्या दिवसापासून ते चुलीवर चढायचं. चाळीस वर्षांनी त्याचा तळ काळा, काठ वाकडे आणि नाव तेवढं शाबूत. त्या पातेल्याला कोणी पोचे पडलेलं म्हणून कमी लेखल्याचं मला आठवत नाही. विकायचं नव्हतं, एवढंच त्यामागचं शहाणपण असेलही.

सगळीच वाट एका प्रकारची नसते, हे मला शेफील्डच्या इतिहासातून कळलं. इंग्लंडात चाकूंचं गाव म्हणजे शेफील्ड. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका गोष्टीतल्या गिरणीवाल्याच्या अंगावर शेफील्डचा चाकू दिला आहे, आणि ती गोष्ट सांगणारं पात्र योगायोगाने ‘रीव्ह’ आहे! या गावात स्वतःच्या छोट्या खोलीत काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिरांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांच्या शेवटच्या पिढीतला स्टॅन शॉ १९२६ मध्ये जन्मला, चौदाव्या वर्षी कामाला लागला आणि २०२१ मध्ये वारला. तो घडीचे चाकू हाताने बनवायचा, आणि त्याच्याकडेही प्रतीक्षायादी होती, काही वर्षांची. पण त्या यादीत नाव असलेला माणूस कशाची वाट पाहत होता ते स्पष्ट होतं. एका म्हाताऱ्याला दोनच हात होते. तो एका वेळी एकच चाकू करायचा. नवी आवृत्ती नव्हती, नवं पोलाद नव्हतं, चाकूची घडण त्याच्या तरुणपणीचीच होती. कॅनडातले ग्रिम्झ्मो बंधू याचं आजचं रूप म्हणता येईल. ते नॉर्समन नावाचा चाकू यंत्रावर बनवतात, पण यंत्र बसवण्यापासून बिघडलेल्या भागांपर्यंत सगळं व्हिडिओत दाखवत आले. त्यांचा चाकू मिळायची वाट पाहणाऱ्याला निदान उशीर का होतो आहे ते दिसत होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे मुद्दाम घडवलेली टंचाई. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मोजके चाकू विक्रीला येतात आणि काही मिनिटांत संपतात. अटलांटाला दरवर्षी भरणाऱ्या ब्लेड शोमध्ये काही कारागिरांच्या टेबलावर चाकू घ्यायचा तर चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघाली तर पैसे द्यायचा मान तुमचा. संध्याकाळपर्यंत त्यातला एखादा चाकू दुप्पट किमतीला दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो. सेबेन्झाचं एक बरं आहे, तो या जत्रेत पूर्णपणे उतरलेला नाही. साधी आवृत्ती बहुतेक वेळा दुकानात मिळते. गंमत अशी, की मुळात ज्याची वाट पाहायची गरज नाही अशी वस्तू बनवणं हेच या कंपनीचं यश होतं. दहा-अकरा वर्षांत एकदा काही मिलिमीटरांनी बदलणारा चाकू. शौकीन त्याच्यावर प्रेम करतात ते तो बदलत नाही म्हणून, आणि बातमी मागतात ती काय बदललं याची.

इंग्लंडातल्या शौकिनांची गोष्ट तर आणखी निराळी. इथल्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याप्रमाणे विनाकारण खिशात बाळगता येतो तो फक्त घडीचा चाकू, आणि त्याची धार तीन इंचांहून लांब असता कामा नये. नव्वदच्या दशकात न्यायालयाने हेही ठरवलं की उघडल्यावर पक्का अडकणारा चाकू या सवलतीत बसत नाही. सेबेन्झा अडकतो, म्हणून तो गेला. मोठा सेबेन्झा तर लांबीनेही गेला. घरात ठेवा, कोणी विचारत नाही. रस्त्यावर न्यायचा असेल तर योग्य कारण हवं. आणि कायद्यात नाव घेऊन दिलेल्या कारणांपैकी पहिलं कोणतं? कामासाठी वापर. लोहार, सुतार, गालिचे बसवणारा यांनी न्यावा. बाकीच्यांनी खिशातल्या चाकूची वाट पाहावी आणि आल्यावर तो खिशाऐवजी खणात ठेवावा. लहान मुलांचे जीव चाकूने जात असलेल्या देशात मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. पण इथे बसून सेबेन्झाच्या क्लिपवर वाद घालणाऱ्यांना आपण नक्की कशावर वाद घालतो आहोत, हा प्रश्न पडायला हवा. ती क्लिप कधी पँटला लागणारच नाही.

सफरचंद, लिफाफे, सुतळी, पार्सलचे खोके. घडीच्या चाकूची शहरातली कामं एवढीच. यातलं सफरचंद सेबेन्झापेक्षा फ्रान्सचा ओपिनेल चांगलं कापतो, आणि त्याला पंधरा-वीस पौंड पडतात. कारण उघड आहे: ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरहूनही पातळ आहे. सेबेन्झाचं पातं धारेशी छान पातळ होत जातं, पण पाठीशी जाड आहे, आणि कडक फळात ते पाचरीसारखं शिरतं. फळ कापण्याऐवजी फुटतं. मोठ्या दोऱ्या, जाड पुठ्ठा, ओलं लाकूड यांत सेबेन्झाची बाजू वरचढ ठरते, आणि तो दहा वर्षं डुगडुगणार नाही. पाचशे डॉलर त्या न डुगडुगण्याचे आहेत. ज्याला ते हवं आहे आणि परवडतं, त्याने घ्यावा. मी त्याला उधळा म्हणणार नाही. रोज हातात येणाऱ्या वस्तूवर माणसाने चार पैसे जास्त घालवणं मला फोन दर दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा बरं वाटतं.

नावाबद्दल मात्र बोलायला हवं. या कंपनीच्या चाकूंची नावं बहुतेक झुलू: इंकोसी म्हणजे सरदार, उम्नुमझान म्हणजे घरचा कर्ता पुरुष. १९८७ मध्ये वर्णभेदाच्या राजवटीत दक्षिण आफ्रिकेतलं कष्टाचं काम कोण करत होतं आणि कोणाच्या सोयीसाठी, हे वेगळं सांगायला नको. रीव्हने ते नाव आपुलकीनेच ठेवलं असं मी धरून चालतो. तो स्वतः हाताने काम करणारा माणूस होता. पण चाकू जसा महाग आणि जपून ठेवण्याजोगा होत गेला तसं ते नाव त्याच्यावरून सैल होत गेलं. शेफील्डमध्ये एकोणिसाव्या शतकात कोरड्या दगडावर काटे घासणारे कामगार छातीत धूळ भरून तिशी-पस्तिशीत मरत. त्यांनी बनवलेले काटे-सुऱ्या चांदीच्या ताटाशेजारी मांडल्या जात. पात्यामागचं काम पात्याच्या मालकाला न दिसणं हे जुनंच आहे. रामपूरला २०२३ मध्ये एका चौकात सहा मीटरचा भलामोठा चाकू उभारला, तिथल्या कारागिरांची मात्र आपल्याला नावंही ठाऊक नसतात.

पुढची आवृत्ती येईलच. पुन्हा फोटो मोठे करून पाहिले जातील, कडकपणाचे आकडे मोजले जातील, आणि खरं सांगायचं तर मीही पाहीन. मला वाचायचं आहे ते त्यानंतरचं. चाकू आला, डबा उघडला, कार्डावरची तारीख पाहिली, इथवरची वर्णनं ढिगाने मिळतात. दुसऱ्या वर्षाची मिळत नाहीत: धार पहिल्यांदा कधी गेली, कोणत्या दगडावर पाजवली, कोन किती धरला, ग्रीस कधी बदललं, पाती घासून किती अरुंद झाली. बॉइसीचा कारखाना वापरून जुने झालेले चाकू परत घेऊन दुरुस्त करून देतो, म्हणजे असे वापरणारे आहेत. तुमच्यापैकी कोणी ह्यूस्टनला, एडिसनला किंवा मेलबर्नला असा चाकू खरोखर खिशात घेऊन फिरत असेल आणि त्याने भाजीसुद्धा चिरत असेल, तर त्याबद्दल चार ओळी या मासिकाला जरूर लिहा. फोटो पाठवलात तर ओरखड्यांच्या बाजूचा पाठवा.